बोरूच्या बेटातून माघार नाही

तीर्थरूप दादांना,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. वहिनींनाही सांगा. तुमचा खोकला कसा आहे? कोरडा असेल तर वाफ घ्या आणि ओला असेल तर वहिनींचं ऐका. वहिनींचा चष्मा सापडला का? मी इथे सुखरूप आहे, जेवण जातं, झोप लागते, डावा कान पूर्वीसारखाच बंद आहे आणि उजवा तुमच्या पत्रामुळे गरम झाला आहे.

पत्र पोचलं. पाच पानांत तुम्ही अकरा वेळा 'नमतं घे' असं लिहिलं आहे (मी खाली रेघा मारून मोजलं. मुख्याध्यापकाच्या पत्रावर रेघा मारायची संधी रोज येत नाही). शिवाय 'आपल्या घरात आजवर कोणाला कारणे दाखवा नोटीस आली नव्हती' हे वाक्य दोनदा आहे. दादा, ते खरं आहे. पण आपल्या घरात आजवर कोणी कारण दाखवण्यासारखं काही केलंही नव्हतं. तेव्हा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल: मी नमतं घेणार नाही. तुम्हाला कोणी काय कळवलं कोण जाणे, म्हणून पहिल्यापासून सांगते. चहा घेऊन बसा.

या पंपहाऊसमध्ये मला एकतीस वर्षं झाली. तीन पंप, एक टेबल, एक लॉगबुक, भिंतीवर प्रेशरचे तीन काटे, एक लाकडी खुर्ची आणि मागच्या बाजूला एक खिडकी, एवढा माझा संसार. पंपांच्या आवाजात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे माझी इथे कोणाशी भांडणंही झाली नाहीत. पंपाचं दुखणं मात्र मला तळपायांतून कळतं. गेल्या महिन्यात एका सकाळी दोन नंबरच्या पंपाकडून एक बारीक, चिरका, न थांबणारा आवाज यायला लागला. टिट-टिट-टिट-टिट, जणू कोणी न वंगणलेली कात्री चालवतंय. मी म्हटलं, बेअरिंग कोरडं पडलं. ग्रीस भरलं. आवाज तसाच. आणखी भरलं, इतकं की ते कडेनं बाहेर आलं. आवाज तसाच. दुसऱ्या दिवशी पंप बंद केला, कव्हर उघडलं, बेअरिंग बाहेर काढून बाळाला न्हाऊ घालावं तसं धुतलं आणि पुसलं. अर्धं गाव चार तास कोरडं बसलं. आणि त्या बंद पडलेल्या, उघड्या पडलेल्या पंपाशेजारी मी हात काळे करून उभी असताना आवाज चालूच. मी प्रामाणिक बाई. लॉगबुकात लिहिलं: 'पंप क्र. २ पूर्ण बंद असूनही बेअरिंगचा आवाज येत आहे.' (हे वाक्य पुढे ऑफिसात इतक्यांनी वाचलं की लॉगबुकाचं ते पान आता मऊ पडलं आहे.)

आवाज खिडकीतून येत होता. खिडकीमागे काय आहे हे तुम्ही कधी पाहिलं नाही, कारण तुम्ही दोनदा आलात तेव्हा दोन्ही वेळा फाटकावरूनच माझ्या साडीला ग्रीस लागल्याबद्दल बोलून परत गेलात. गाळणीचे हौद आठवड्यातून दोनदा उलट पाणी सोडून धुवावे लागतात. ते गढूळ पाणी मागच्या खोलगट जागेत जातं. तिथे गाळ साचला, गाळात बोरू उगवला, बोरूच्या कडेनं पाणकणीस, आणि बघता बघता दोन खोल्यांएवढं बेट तयार झालं. तिथे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता खिडकीतून वाकून पाहिलं तर एका बोरूच्या शेंड्याला, शेपटी वर करून, अंगठ्याएवढा एक पक्षी बसलेला. वरून मातकट, खालून फिकट, कुठेही रंगाचा टिपका नाही. साहेब लोकांच्या भाषेत सांगायचं तर कोणतीही विशेष पात्रता नाही. आणि तो मला रागवत होता. थेट माझ्याकडे बघून. मी खिडकीत आले की टिट-टिट, मागे सरले की गप्प. एवढ्याशा गळ्यातून निघालेला आवाज पन्नास अश्वशक्तीच्या पंपाला पुरून उरत होता. मला तो तिथल्या तिथे आवडला.

प्रयोगशाळेत पाणी तपासणाऱ्या बाई आहेत ना, त्यांना असल्या गोष्टी कळतात. त्या म्हणाल्या, हा वटवट्या. (हसू नका. लहानपणी तुम्ही मला ज्या नावानं हाक मारून शेवटच्या बाकावर बसवायचात ते हेच, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.) त्यांनी दुर्बीण दिली आणि घरटं दाखवलं. तीन बोरू जवळ ओढून, गवताच्या धाग्यांनी त्यांना बांधून, मध्ये एक लांबोडकी पिशवी विणलेली. वारा आला की तिन्ही बोरू झुलतात आणि पिशवी झुलते, पण कलत नाही. आत चार अंडी. दादा, मी एकतीस वर्षं नटबोल्ट आवळते आहे. हाताशिवाय, पान्याशिवाय, नुसत्या चोचीनं असं काम कोणी करून दाखवावं. दिवसभर दोघांची ये-जा. किडे, अळ्या, कोळी, चिलटं, पाण्यावरचे डास. गाव ज्या डासांच्या नावानं ओरडतं ते डास हे दोघं फुकट नेत होते. मी मोजायला सुरुवात केली, आणि मोजलेलं कुठेतरी लिहायला हवं म्हणून लॉगबुकातल्या 'शेरा' या रकान्यात लिहायला लागले. (तो रकाना एकतीस वर्षं रिकामाच होता.)

आता साहेब. आमचे नवे साहेब पस्तिशीचे आहेत. शर्टाला इस्त्री, बोलणं मृदू, खिशाला दोन पेनं. माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. म्हणजे तेव्हा तरी म्हटलं नसतं. वरचे तीन अधिकारी पाहणीला येणार असं ठरलं आणि साहेबांच्या डोक्यात हिरवळ शिरली. बोरू काढायचा, खड्डा बुजवायचा, वर गवताचा गालिचा, आणि गालिच्यावर पांढऱ्या गोट्यांनी 'पाणी म्हणजे जीवन' असं लिहायचं. मी केबिनमध्ये गेले.

"साहेब, तीन आठवडे थांबा. आत घरटं आहे."

"बाई, पक्षी दुसरीकडे घर बांधतील की."

"अंडी घेऊन?"

साहेबांनी दोन्ही पेनांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही पंपाकडे बघा. मागची बाजू तुमच्या कामात येत नाही."

यावर मी बाहेर येऊन पंपांचे काटे तपासले. तुम्ही हे वाचून 'शहाणी' म्हणाल म्हणून लगेच सांगते, की हे शहाणपण दुसऱ्या दिवशी गवतवाला येईपर्यंतच टिकलं. गवतवाला म्हणजे कापायचं मशीन खांद्याला अडकवून येतो तो, दणकट, मिशाळ, अबोल माणूस. त्याचं मशीन सुरू झाल्याचं मला तळपायांतून कळलं. मी खुर्ची उचलली, मागच्या दारानं बाहेर पडले, बोरूत शिरले, घरट्यापासून चार हातांवर खुर्ची ठेवली आणि बसले. बेत चांगला होता. फक्त तो गाळ एकतीस वर्षांचा आहे हे माझ्या लक्षात राहिलं नाही. खुर्चीचे मागचे पाय आधी गेले, मग पुढचे, मग मी. सावकाश, मानानं, एखाद्या जहाजासारखी मी खाली गेले आणि गुडघ्यांच्या वरपर्यंत रुतल्यावर थांबले. चेहऱ्यावरचा निश्चय मी मोडू दिला नाही. डोक्यावर वटवट्या टिट-टिट करत होता (मी त्याच्यासाठी बसले आहे हे त्याला कळलं नव्हतं, किंवा कळून पटलं नव्हतं). गवतवाल्यानं मशीन बंद केलं, मला बराच वेळ न्याहाळलं, आणि विचारलं, "मावशी, तुम्ही बसलात की अडकलात?"

मी म्हटलं, "दोन्ही."

त्यानं मशीनचा पट्टा टाकला, मी धरला, आणि चार झटक्यांत मी काठावर आले. चपला आत राहिल्या. खुर्ची अजून तिथेच आहे, पाठ तेवढी वर दिसते. मग मी त्याला दुर्बिणीतून घरटं दाखवलं. त्यानं पाहिलं, पुन्हा पाहिलं, मिशी पुसली, आणि ऑफिसात जाऊन सांगून आला की मशीन बिघडलंय, भाग बाहेरून यायचाय, तीन आठवडे लागतील. अबोल माणसं खोटं बोलायला लागली की फार नेटकं बोलतात. निरोप घेताना त्याला खोकला आला आणि मला तुमची आठवण झाली.

नोटीस आली ती यानंतर, साहेबांच्या सहीनं. त्यात माझ्यावर तीन आरोप आहेत: पंप विनाकारण बंद ठेवला, सरकारी खुर्ची चिखलात बुडवली, आणि लॉगबुकात 'पंपाशी संबंध नसलेल्या पक्षीविषयक नोंदी' केल्या. उत्तर पटलं नाही तर मुख्य कार्यालयात दप्तरखान्यात बदली, जिथे खिडकीच नाही. निवृत्तीला चौदा महिने उरलेल्या बाईला खिडकी नसलेल्या खोलीची धमकी द्यायला डोकं लागतं, एवढं श्रेय मी त्यांना देते. माझा खुलासा आठ पानांचा आहे. पंप बंद ठेवला हे खरं, कारण आवाज येत होता. खुर्ची बुडवली हे खोटं, ती आपणहून गेली. आणि नोंदींचं म्हणाल तर शेरा या रकान्यात काय लिहावं याचा नियम कुठे आहे तो दाखवा, मी वही कपाळाला लावीन. तुम्ही म्हणता खुलासा मागे घे आणि दोन ओळींचा माफीनामा दे. दादा, तुम्ही चाळीस वर्षं मुलांना 'खरं बोला' असं फळ्यावर लिहायला लावलंत. त्यातलं एक मूल मी होते.

आणि आता मुख्य गोष्ट, जी तुम्हाला कोणी कळवलेली दिसत नाही. पाहणीच्या दिवशी सकाळी मी खिडकीत गेले तर घरट्यात एकच पिल्लू. उघडं, आंधळं, नुकतंच फुटलेलं. आणि बाकीची तीन अंडी खाली. दोन पाण्यावर तरंगत होती, एक गाळावर फुटलेलं. वारा नव्हता. घरटं जागच्या जागी. मी पळीला काठी बांधून ती अंडी काढली. आदल्या संध्याकाळी साहेबांना एकटंच मागच्या बाजूला जाताना मी पाहिलं होतं. दोन आणि दोन चार. मी अंडी रुमालात घेतली आणि सरळ केबिनमध्ये. आत तिन्ही अधिकारी, टेबलावर नकाशे, चहा. मी रुमाल उघडून नकाशावर ठेवला, जिथे हिरवळ रंगवली होती बरोबर तिथे, आणि म्हटलं, "घ्या. हिरवळीच्या पायाभरणीला. तुमच्या या अंडीचोरानं काल संध्याकाळी केलेलं काम आहे."

साहेबांचा चेहरा पांढरा झाला. ते इतकंच म्हणाले, "मी नाही केलं, बाई." मी म्हटलं, चोर कधी हो म्हणतो का. अधिकाऱ्यांनी चहा अर्धा सोडला. हिरवळ पुढे ढकलली, चौकशी लावली, माझ्या नोटिशीची आणि अंड्यांची मिळून बुधवारी अकरा वाजता सुनावणी. आता सगळं ऑफिस साहेबांना पाठीमागे अंडीचोर म्हणतं. कोणीतरी त्यांच्या दारावर खडूनं अंडं काढलं होतं, ते त्यांनी स्वतः पुसलं. ते हल्ली दुसऱ्या फाटकानं येतात. मला त्याचं काही वाटत नाही. ज्यानं तीन जीव पाण्यात टाकले त्यानं थोडं लांबून चालत यावं.

पिल्लू मात्र जिवंत आहे आणि चांगलं बाळसं धरतंय. दोघं आईबाप ताशी चाळीस फेऱ्या मारतात (नोंद आहे). मी दिवसातून सहा वेळा बेटाला चक्कर मारते. बुधवारी मी सुनावणीला जाईन, खुलाशातला एक काना किंवा मात्रा मागे घेणार नाही, आणि दप्तरखान्यात पाठवलं तर तिथे जाऊन भिंतीला खिडकी पाडीन. तुम्ही काळजी करू नका. वहिनींना माझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवा, त्या माझ्या बाजूनं आहेत हे मला माहीत आहे.

तुमची आज्ञा न पाळणारी,
धाकटी

ता. क. वरचं सगळं शुक्रवारी लिहिलं आणि तिकीट लावायचं राहिलं. आज रविवार. काल प्रयोगशाळेतल्या बाई पंधरा दिवसांची रजा संपवून आल्या आणि मी मोठ्या अभिमानानं त्यांना पिल्लू दाखवलं. पिल्लू आता घरट्यात मावत नाही. पिशवी फाटायला आली आहे. आई त्याला भरवायला त्याच्या पाठीवर उभी राहते, कारण दुसरीकडे जागा नाही. बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली ती बराच वेळ काढली नाही. मग म्हणाल्या, "हे वटवट्याचं नाहीये." मी त्यांच्याशी अर्धा तास भांडले. पण त्या ठाम. कोकिळेच्या गोतातली काही लहान पाखरं असतात, ती आयतं घरटं बघून आपलं अंडं टाकून जातात. ते पिल्लू आधी फुटतं, आणि फुटल्या फुटल्या, डोळेही उघडले नसताना, बाकीची अंडी पाठीवर घेऊन एकेक करून काठावरून ढकलून देतं. कोणी शिकवलेलं नसतं. मी विचारलं, तिन्ही? त्या म्हणाल्या, तिन्ही. त्या गेल्यावर मी खिडकीशी उभी राहिले. दोन नंबरचा पंप चालू होता, ते मला बऱ्याच वेळानं ऐकू आलं.

आणखी एक. साहेब त्या संध्याकाळी मागे कशाला गेले होते तेही आज कळलं. गवतवाल्यानं सांगितलं. माझी खुर्ची काढता येते का, ते बघायला. माझ्यावरच्या आरोपांतला एक तरी कमी व्हावा म्हणून. गवतवाल्याला हे आधीपासून माहीत होतं. मग आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं, तर म्हणाला, तुम्ही बोलत होता.

ता. क. दुसरा. आता तुम्ही म्हणाल, मग कशाला अडून बसतेस, ते बिऱ्हाडच परक्याचं. दादा, हा विचार माझ्याही मनात आला आणि मी त्याला बाहेर काढला. ते दोघं अजून ताशी चाळीस फेऱ्या मारतात. त्यांना कळलं असेल किंवा नसेल, समोर तोंड उघडलं की ते भरायचं एवढं त्यांना कळतं, आणि असं कळणारी माणसं मी ऑफिसात फार पाहिलेली नाहीत. शिवाय बाई म्हणतात, हे उडून गेलं की तीच जोडी त्याच बोरूत नवी पिशवी विणेल, हंगाम अजून आहे. मग बोरू नको का? बोरू राहणार.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. पत्र लिहायला घेतलं ते तुमच्याकडे एक काम होतं म्हणून, आणि आठ पानं झाली तरी ते लिहायचं धाडस झालं नव्हतं. हिरवळ पुढे ढकलली तरी बोरू आधीच कापून टाकायला मुख्य कार्यालयानं स्वतःचं मशीन आणि स्वतःचा माणूस पाठवायचं ठरवलंय, आणि तो येणार बुधवारी, सुनावणी चालू असताना. पिल्लू उडायला अजून चार दिवस हवेत. गवतवाल्याला त्या दिवशी दुसऱ्या कामावर लावलंय आणि बाई साक्षीदार म्हणून माझ्याबरोबर आत असतील. तेव्हा अकरा ते एक बोरूच्या बेटापाशी कोणीतरी उभं राहायला हवं, ज्याच्या समोर मशीन सुरू करायची छाती होणार नाही. तुम्ही वर्गाच्या दारात नुसते उभे राहिलात की पंखेसुद्धा हळू फिरायचे. तसेच उभे राहा. काठावर, आत शिरू नका. वटवट्या तुम्हाला फार बोलेल, ते ऐकून घ्या, उलट उत्तर देऊ नका, त्याचा काही उपयोग होत नाही हे मी करून पाहिलं आहे.

मी तोवर आत असेन. साहेबांना मी अंडीचोर म्हटलं ते त्या तिघांच्या समोर, म्हणून चुकले हेही त्या तिघांच्या समोरच म्हणणार आहे. आधी म्हणजे सगळ्यात पहिलं, नोटीस वाचायच्या आत. हे वाक्य मी कालपासून पंपाजवळ मोठ्यानं म्हणून बघते आहे, तिथे कोणाला ऐकू जात नाही. अजून नीट जमत नाही, 'चुकले' हा शब्द आला की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. बुधवारपर्यंत जमेल. त्यानंतर खुलाशाची आठही पानं वाचणार, खुर्चीसकट.

मी माफी मागितली असं वहिनींना खुशाल सांगा, पण पूर्ण सांगा: माफी तीन अंड्यांपुरती आहे. बोरूच्या एका काडीचीही नाही. बुधवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं या आणि जुने बूट घाला.